फॅशन जाहिरातींतलं रिटचिंग कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेलच्या फोटोवर किती हात फिरवला आहे हे ओळखण्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रिटचिंग नेमकं कशाला म्हणायचं? फोटो थोडा उजळ केला तरी ते रिटचिंगच का?

व्यवहारात असं धरा. उजेड, रंग, काँट्रास्ट, क्रॉप हे अख्ख्या फोटोला एकसारखं लागू होतं. ती प्रक्रिया झाली, आणि ती प्रत्येक छापील फोटोवर होतेच. त्यापुढे पृष्ठभागाचं काम येतं: पुरळ, डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, उडालेले केस. शेवटी आकाराचं काम, म्हणजे कंबर आत, पाय लांब, मान उंच, डोळे मोठे, दंड बारीक.

लोक 'फोटोशॉप केलाय' म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक आकाराचं काम म्हणायचं असतं. पण जाहिरातीत सगळ्यात जास्त होतं ते पृष्ठभागाचं. दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात, म्हणून आधी आपण नक्की कशाचा शोध घेतोय ते ठरवा. आकारासाठी प्रश्न ५ ते ८, त्वचेसाठी ९ आणि १०.

२. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं का?

नुसतं 'बघून वाटतं' यावर विसंबू नका. २०१९ मध्ये यूसी बर्कली आणि अ‍ॅडोबीच्या संशोधकांनी लोकांना मूळ चेहरा आणि फोटोशॉपच्या चेहरा-बदल साधनाने किंचित बदललेला चेहरा दाखवून ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं आली ५३ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० आली असती. त्याच कामासाठी शिकवलेला प्रोग्राम ९९ टक्क्यांपर्यंत पोचला, पण त्याला नेमकं तेच साधन ओळखायला शिकवलं होतं, हेही लक्षात ठेवा.

डोळे फसतात कारण आपण शरीराकडे बघत बसतो, आणि माणसांची शरीरं मुळातच इतक्या तऱ्हांची असतात की 'इतकी बारीक कंबर असूच शकत नाही' हे खात्रीने सांगता येत नाही. शरीराच्या शेजारी काय आहे ते बघायला शिकलं की ओळखण्याचं प्रमाण बरंच सुधारतं.

३. माझ्याकडे मोबाइलवरचा स्क्रीनशॉट आहे. तो चालेल का?

आकाराच्या ढोबळ खुणांसाठी चालेल, त्वचेसाठी नाही. स्क्रीनशॉटमध्ये आणि मेसेजिंग अ‍ॅपमधून आलेल्या फोटोत बारीक तपशील आधीच पुसलेला असतो. त्यावरून 'त्वचा गुळगुळीत केली' म्हणणं म्हणजे धुकं बघून भिंतीला रंग दिलाय म्हणण्यासारखं आहे.

शक्य तितकी मोठी फाइल मिळवा. ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उत्पादनाचा फोटो झूम करता येत असेल तर झूमची फाइल मोठी असते, ती उतरवून घ्या. उलट फोटो-शोध (शब्दांऐवजी फोटोच टाकून शोध) करून त्याच फोटोच्या इतर आवृत्त्या काढा आणि पिक्सेलमध्ये सर्वांत मोठी असेल ती ठेवा. चेहरा तपासायचा असेल तर नुसता चेहराच किमान ८०० ते १००० पिक्सेल उंच असावा. त्याखाली त्वचेची रंध्रं दिसतीलच असं नाही. छापील मासिकाचं पान स्कॅन केलं तर छपाईचे ठिपके मध्ये येतात. तिथे रेषा आणि प्रमाणं तपासा, पोत सोडून द्या.

४. फोटो उघडला. आता नजर आधी कुठे टाकू?

चेहऱ्यावर तर अजिबात नाही. चेहरा शेवटी बघायचा, कारण रिटचरने सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवलेला असतो.

आधी फोटो १०० टक्के आकारात उघडा आणि शरीराच्या बाह्यरेषेच्या कडेकडेने एक फेरी मारा, पार्श्वभूमी बघत. मग फोटो उलटा करा, डोकं खाली पाय वर. ओळखीची आकृती मोडली की रेषांमधली वाकडीतिकडी वळणं जास्त दिसतात. त्यानंतर कान, कोपर, गुडघे, बोटांची पेरं, काख, पावलं ही दुर्लक्षित ठिकाणं. मग सावली आणि प्रतिबिंब. मग कपड्याची वीण, बटणं, शिवण. सगळ्यात शेवटी चेहरा.

प्रत्येक खूण लिहून ठेवा आणि शेजारी तिचं दुसरं साधं कारण काय असू शकतं तेही लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण निम्मे चुकीचे आरोप इथेच गळतात.

५. कंबर किंवा मांड्या बारीक केल्यात हे कशावरून कळतं?

आकार बदलायला बहुतेक वेळा लिक्विफाय वापरतात. हे साधन २००० साली फोटोशॉप ६ मध्ये आलं. त्याचा ब्रश गोल असतो आणि त्या गोलात जे काही येईल ते सगळं सोबत सरकतं: कातडी, कपडा, आणि मागची भिंतही. म्हणून कमरेच्या दोन्ही बाजूंची बोटभर पट्टी बघा. फरशीचे सांधे, दाराची चौकट, पडद्याची सळ, क्षितिजाची रेषा नेमकी कमरेपाशी आत झुकते आणि पुढे पुन्हा सरळ होते का? पट्टी किंवा कागदाची कड स्क्रीनवर धरून बघा, डोळ्यांवर सोडू नका.

पार्श्वभूमी सपाट असेल तर कपडा बोलतो. रेघा किंवा चौकडी असेल तर छातीपाशी आणि कमरेपाशी एका चौकोनाची रुंदी मोजा. शिवलेल्या कपड्यात कंबर बारीक होते ती डार्टमुळे (कापड आत दुमडून मारलेली टीप) किंवा शिवणीमुळे, म्हणजे चौकडी तिथे कापली जाते, लहान होत नाही. शिवण नाही, चुणी नाही आणि तरीही चौकोन आकसलेत, तर पिक्सेल ओढले आहेत. अपवाद ताणल्या जाणाऱ्या कापडाचा: त्यावरची नक्षी छाती-नितंबांवर खरोखरच ताणून मोठी दिसते आणि कमरेवर त्यामानाने लहान. तिथे ही मोजणी लावू नका.

गोल वस्तू फार उपयोगाच्या. जीन्सचं रिव्हेट (खिशाच्या कोपऱ्यावरची धातूची टिकली), बटण, घड्याळाची तबकडी, बांगडी. तिरप्या कोनातून गोल लंबगोल दिसतो हे खरं, पण शेजारशेजारची दोन बटणं वेगवेगळ्या दिशेने चपटी दिसायला नकोत. तसंच चेनचे दात आणि शिवणीचे टाके: मशीनचे टाके समान अंतरावर असतात. एका तुकड्यात ते अचानक दाट झाले आणि कपड्याला तिथे चुणी नसेल, तर संशयाला जागा आहे.

मग शरीराच्या घड्या. कमरेत वाकलेल्या माणसाच्या आतल्या बाजूला घडी पडते. खाली सोडलेला दंड छातीला टेकतो तिथे काखेपाशी रेघ येते. बसलेल्या माणसाचं पोट सपाट राहत नाही, वजन कितीही कमी असो. पोझ घडी मागतेय आणि घडी नाही, म्हणजे ती पुसली आहे.

ढोबळ चुकाही होतात. २००९ मध्ये राल्फ लॉरेनच्या एका जाहिरातीत मॉडेलचं डोकं तिच्या कमरेपेक्षा रुंद झालं होतं, आणि कंपनीला चूक मान्य करावी लागली. २०१४ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर पोहण्याच्या पोशाखाच्या फोटोत दोन मांड्यांमधली फट वाढवताना पोशाखाचाच चौकोनी तुकडा कापला गेला. अशा चुका बातमीत येतात म्हणून सगळं रिटचिंग इतकंच गबाळं असतं असं समजू नका. प्रश्न ६ वाचा.

६. मागची भिंत एकदम सरळ आहे. म्हणजे फोटोला हात लावलेला नाही ना?

तसं नाही. मुरलेला रिटचर मॉडेलला आधी पार्श्वभूमीपासून वेगळं कापतो, तिचा आकार वेगळ्या लेयरवर (थरावर) बदलतो आणि मोकळी झालेली जागा रिकाम्या सेटच्या फोटोने भरतो. भिंत वाकतच नाही. पांढऱ्या किंवा राखाडी स्टुडिओ पडद्यावर तर वाकायला काही नसतंच.

मग खुणा कडेवर सरकतात. केसांच्या बटा बघा: कापताना बारीक केस गळतात, आणि खांद्यापाशी केसांची टोकं एका रेषेत छाटल्यासारखी दिसतात. शरीराची कड एका ठिकाणी धारदार आणि शेजारी मऊ असेल तर मास्क (काय कापायचं त्याची हद्द) हाताने रंगवला आहे. लेन्सच्या फोकसमुळे कड मऊ होते तेव्हा ती अंतराप्रमाणे हळूहळू होते, टप्प्याने नाही. भरलेल्या जागेत नॉइजचे (फोटोत येणाऱ्या रवाळपणाचे) कण आजूबाजूपेक्षा बारीक, जाड किंवा गायब असतात. ते उघडे पाडायची रीत प्रश्न १६ मध्ये आहे. भिंतीवर पडलेली सावली बदलायची मात्र पुष्कळदा राहून जाते (प्रश्न १३).

७. दाराची चौकट वाकलेली दिसतेय! हा पुरावा झाला की नाही?

चौकट फोटोच्या काठाजवळ असेल तर थांबा. वाइड लेन्स (रुंद दृश्य टिपणारी) सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगवते. हा फुगवटा मध्याभोवती सममित असतो: डावीकडची रेषा जितकी वाकते तितकीच उजवीकडची, आणि वाक लांबलचक असतो. लिक्विफायचा वाक आखूड असतो, ब्रशच्या व्यासाएवढा, आणि शरीराच्या फुगीर भागासमोरच येतो.

मोबाइलचा पॅनोरामा आणि जुन्या इमारतींमधल्या मुळातच वाकड्या भिंती याही फसवतात. समोरासमोरच्या दोन रेषा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

८. पाय लांब केलेत का हे मोजता येतं?

अंदाज येतो. सरळ उभ्या प्रौढ माणसाची उंची स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, उंच मॉडेलची आठ किंवा किंचित जास्त. फॅशनच्या रेखाचित्रांत मुद्दाम नऊ डोकी काढतात. फोटोत हनुवटीपासून टाळूपर्यंतचं अंतर मोजा (केसांचा फुगा वगळून) आणि एकूण उंचीला त्याने भागा. नऊ आलं तर कारण शोधायला हवं.

दुसरं माप गुडघ्याचं. अनवाणी उभ्या माणसात जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची एकूण उंचीच्या २८ टक्क्यांच्या आसपास असते. फक्त पोटऱ्या किंवा फक्त मांड्या ओढल्या तर हे बिघडतं. अख्खा खालचा भाग ५ ते १० टक्के ओढला तर मात्र प्रमाण फारसं बिघडत नाही. तेव्हा फरशीचे चौकोन, बुटांवरची गोल भोकं आणि गुडघ्याची वाटी उभट झाली का ते बघा.

आता हे माप कुठे फसतं ते. उंच टाचा: १० सेंटिमीटरची टाच पूर्ण हिशोब बदलते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, जवळून आणि वाइड लेन्सने धरला की पाय कॅमेऱ्याला जवळ आणि डोकं लांब, म्हणून पाय खरोखरच लांब दिसतात. फॅशन छायाचित्रकार हे मुद्दाम करतात, त्यात संगणकाचा काही हात नसतो. कॅमेरा खाली होता हे ओळखायची सोपी खूण: क्षितिज, किंवा जमिनीला समांतर रेषा जिथे मिळतात ती पातळी, मॉडेलच्या शरीरावर कुठे छेदते ते बघा. कॅमेरा त्या उंचीवर होता. ती पातळी गुडघ्याशी असेल तर डोक्यांचा हिशोब बाजूला ठेवा.

२००३ मध्ये केट विन्स्लेटने स्वतःच्याच जीक्यू मासिकातल्या फोटोबद्दल जाहीर तक्रार केली होती, की आपले पाय बारीक करून दाखवलेत. फोटोत असलेली व्यक्तीच बोलते तेव्हा मोजमापाची गरज उरत नाही, पण असं क्वचित होतं.

९. त्वचा गुळगुळीत केलेली कशी ओळखायची?

कामाच्या पद्धतीनुसार खुणा बदलतात.

सगळ्यात स्वस्त पद्धत ब्लरची, म्हणजे मोबाइलचा ब्यूटी मोड किंवा एका बटणावर चालणारं फिल्टर. रंध्रं, लव, बारीक सुरकुत्या सगळं एकदम जातं, आणि भुवयांच्या व ओठांच्या कडेला जिथे फिल्टर थांबतं तिथे तीक्ष्ण पोत अचानक सुरू होतो. गाल मेणाचा आणि कपाळावरचा केस न् केस वेगळा दिसतोय, तर हेच झालं आहे.

दुसरी फ्रिक्वेन्सी सेपरेशनची. यात फोटोचे दोन थर करतात: एकात रंग आणि छाया, दुसऱ्यात पोत. रंगाचा थर सपाट करून वर पोत तसाच ठेवतात. रंध्रं दिसतात, म्हणून लोक फसतात. इथे रंगाचे चढउतार बघा. खऱ्या चेहऱ्यावर नाकपुड्यांच्या कडा तांबूस असतात, डोळ्यांभोवतीचा रंग वेगळा असतो, हनुवटी आणि कपाळ एकाच छटेचं नसतं. रंध्रं आहेत पण सगळा चेहरा एका डब्यातल्या रंगाने रंगवल्यासारखा, तर हा थर सपाट केलेला आहे. कामात घाई झाली असेल तर सावलीच्या कडेला ढगाळ चट्टेही राहतात.

तिसरी हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टँपची. डाग झाकायला शेजारची चांगली त्वचा उचलून चिकटवतात. जोड्या शोधा: तीन रंध्रांची एक विशिष्ट मांडणी, एखादा सोनेरी केस, एखादा ठिपका थोड्या अंतरावर जसाच्या तसा पुन्हा आलाय का?

शेवटची डॉज-बर्न. पिक्सेल हलत नाहीत, पोत शाबूत राहतो, फक्त लहान लहान भाग उजळ किंवा गडद करतात. नीट केलेलं डॉज-बर्न इंटरनेटवरच्या फाइलमध्ये पकडणं जवळजवळ अशक्य आहे. फक्त प्रकाशाचा तर्क कधीकधी उघडं पाडतो: उजेड स्पष्टपणे वरून येतोय, नाकाखाली सावली आहे, पण डोळ्यांच्या खोबणीखाली काहीच नाही.

कुठलीही पद्धत असो, हसू तपासा. दात दाखवून हसताना गाल वर सरकतात, खालच्या पापणीखाली वळी येते, नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे घडी पडते. विशीतल्या माणसाच्याही. दोन्ही नसतील तर पुसल्या आहेत. मग हात बघा. चेहरा पंचविशीचा आणि बोटांची पेरं पन्नाशीची, हा प्रकार प्रसाधनांच्या जाहिरातीत नेहमीचा.

१०. पण चांगला मेकअप आणि लायटिंगनेही त्वचा तशीच दिसते ना?

बरीचशी दिसते, आणि म्हणूनच फक्त गुळगुळीतपणावरून आरोप करू नये. चेहऱ्याच्या अगदी जवळ धरलेला मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या पडद्यामागचा मऊ दिवा) किंवा कॅमेऱ्याभोवतीचा रिंग लाइट खळग्यांच्या सावल्या भरून काढतो. सावली नाही म्हणजे खळगा दिसत नाही. फाउंडेशन रंग सपाट करतं, पण रंध्रं आणि लव झाकत नाही. उलट बाजूच्या उजेडात पावडर लवेवर बसलेली दिसते. कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवला की कॅमेऱ्याचं नॉइज-रिडक्शन पोत पुसतं, पण ते पडदा, कपडा, केस सगळ्यांवर सारखंच चालतं.

म्हणून तुलना एकाच फोटोत करा. कॉलरची वीण किंवा कानातल्याचे ओरखडे कुरकुरीत दिसतात आणि फोकसच्या त्याच पातळीवरचा गाल साबणासारखा, तर मेकअप हे कारण पुरत नाही.

११. डोळे मोठे केलेत का?

यासाठी एक बरं माप आहे. माणसाच्या डोळ्यातल्या रंगीत चकतीचा, म्हणजे आयरिसचा, व्यास प्रौढांत जवळपास सारखाच असतो, सुमारे ११.७ मिलिमीटर. दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत बाहुली ते बाहुली अंतराला आयरिसच्या रुंदीने भागलं की साधारण साडेपाच यायला हवं. पाच ते सहामधलं काहीही सामान्य. साडेचार किंवा कमी आलं तर डोळे मोठे केले असण्याची शक्यता बरीच.

चेहरा बाजूला वळलेला असेल तर हे माप लावू नका, कारण बाहुल्यांमधलं अंतर कमी दिसतं. आणि आयरिस मोठी दाखवणाऱ्या सर्कल लेन्स असतात. त्यांची रंगीत चकती १४ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि आकडा आपोआप साडेचारवर येतो. लेन्सची बाह्य कड गडद आणि एकसारखी गोल दिसते, त्यावरून ती ओळखता येते.

आणखी एक: दोन्ही डोळ्यांतला चमकता ठिपका घड्याळातल्या एकाच जागी असावा. एका डोळ्यात दहा वाजता आणि दुसऱ्यात दोन वाजता असेल, तर एक ठिपका नंतर टाकला आहे किंवा डोळा दुसऱ्या फोटोतून आला आहे.

१२. पापण्या आणि केस?

पापण्या: मुळाकडे बघा. खऱ्या पापण्या दोन-तीन ओळींत वेड्यावाकड्या उगवतात, रंगवलेल्या एका रेषेवरून सुटतात. चिकटवलेल्या कृत्रिम पापण्या म्हणजे रिटचिंग नव्हे. पण मस्काराच्या जाहिरातीत त्या वापरल्याने उत्पादनाचा परिणाम फुगवून दिसत असेल, तर ब्रिटनची जाहिरात मानक संस्था तेही दिशाभूलच मानते.

केस: भांगातून डोक्याची कातडी अजिबात न दिसणं आणि एकाच वळणाची बट दोन ठिकाणी असणं, या दोनच खुणा भरवशाच्या.

१३. सावली आणि प्रतिबिंबावरून काय कळतं?

हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात टिकाऊ पुरावा. मॉडेलची कंबर दोन मिनिटांत आत जाते, पण भिंतीवरच्या सावलीची कंबर, आरशातली कंबर, चकचकीत फरशीतली कंबर, गॉगलच्या काचेतला हात, हे सगळं वेगळं वेगळं बदलावं लागतं. त्यातलं एखादं राहतं.

दंड आणि कंबर यांच्यामधली पोकळी शरीरात मोठी आणि सावलीत लहान असेल तर थांबून मोजा. मात्र दिवा तिरपा असेल तर सावली वेगळ्या कोनातून 'बघितलेली' असते, तिथे रुंदीची तुलना चालत नाही. मग फक्त असणं-नसणं तपासा: पिशवी धरलेली बोटं सावलीत आहेत आणि हातात नाहीत, असं काही. आरशात मात्र स्पर्शाचे बिंदू (हात कमरेला टेकतो ती जागा, अशा) जुळलेच पाहिजेत.

१४. फाइलचा मेटाडेटा (फाइलसोबत साठवलेली माहिती) बघून सरळ कळत नाही का?

कळतं ते थोडं. एक्झिफटूलसारख्या मोफत साधनात फाइल टाकली की कॅमेरा, लेन्सची फोकल लेंग्थ, तारीख आणि 'सॉफ्टवेअर' हे रकाने दिसतात. तिथे फोटोशॉप किंवा लाइटरूम लिहिलेलं असलं तर फाइल त्यातून बाहेर पडली एवढंच सिद्ध होतं. नुसता क्रॉप केला तरी तेच लिहिलं जातं. बहुतेक सोशल मीडिया हा मेटाडेटा काढून टाकतात, त्यामुळे तो नसणं हीसुद्धा खूण नाही.

दोन गोष्टी जरूर बघा. फोकल लेंग्थ, कारण २४ मिलिमीटरसारखा लहान, म्हणजे वाइड लेन्सचा, आकडा दिसला तर प्रश्न ७ आणि ८ मधल्या शंका मिटतात. आणि फाइलमध्ये दडलेला छोटा थंबनेल: काही सॉफ्टवेअर तो नव्याने बनवत नाहीत, मग त्यात क्रॉपपूर्वीचा फोटो राहून जातो.

१५. एका संकेतस्थळावर फोटो टाकला, 'ईएलए'मध्ये चेहरा चकाकतोय. म्हणजे एडिट केलाय?

यावरून काही म्हणता येत नाही. एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस २००७ मध्ये नील क्रावेट्झ यांनी मांडलं. जेपीईजी फोटो ठरलेल्या दर्जावर पुन्हा साठवायचा आणि कुठे किती फरक पडतो ते बघायचं, अशी कल्पना. पण तीक्ष्ण कडा, बारीक पोत आणि ठळक रंग तिथे नेहमीच चकाकतात. पापण्या आणि ओठ तर हमखास. शिवाय जाहिरातीचा फोटो एडिटिंगनंतर एकदाच लहान करून साठवलेला असतो, त्यामुळे बदललेला आणि न बदललेला भाग एकाच इतिहासाचे होतात. फॅशनच्या फोटोंवर हे साधन उपयोगापेक्षा गोंधळच जास्त घालतं.

१६. मग घरच्या संगणकावर उपयोगी पडेल असं काय आहे?

कर्व्ह, म्हणजे फोटोचा उजेड-अंधार बदलणारी आलेखासारखी रेषा. रिटचर स्वतःचं काम तपासायला जी युक्ती वापरतात तीच उलटी वापरायची. जिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटोची प्रत उघडा, रंगांच्या मेनूतून कर्व्ह निवडा आणि सरळ रेषेवर पाच-सहा बिंदू देऊन ते आळीपाळीने वर-खाली ओढा, लाटा होईपर्यंत. फोटो भयानक दिसेल, तसाच हवा. डोळ्याला एकसंध वाटणाऱ्या पडद्यावर आता रंगांचे पट्टे उमटतील. नैसर्गिक उजेडाचे पट्टे लांब आणि वाहते असतात. कमरेभोवती किंवा दंडाबाहेर गोल ठसे, तुटलेले पट्टे किंवा सपाट ठिगळं दिसली तर तिथे ब्रश फिरला आहे.

सावलीचे भाग वेगळे उजळून बघा, काळ्यात लपवलेलं तिथे सापडतं. गडबड होते ती कमी दर्जाच्या फाइलमध्ये: जेपीईजीचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन लाटांमध्ये ठळक होतात आणि तेच ठिगळ वाटतं. चौकोन सगळीकडे सारखे असतील तर ते कॉम्प्रेशन आहे.

१७. मूळ फोटो हाती लागला तर तुलना कशी करू? आणि 'किती' रिटच केलंय ते मोजता येतं का?

आधी तो खरंच तोच क्लिक आहे का ते ठरवा. त्याच शूटमधला पुढचा क्लिक असेल तर श्वासानेही पोट बदलतं, मग तुलना फोल. कपड्याच्या चुण्या आणि केसांची टोकं जुळली तरच तोच फोटो.

दोन्ही एकमेकांवर लेयर म्हणून ठेवा, वरचा ५० टक्के पारदर्शक करा आणि पार्श्वभूमीवर जुळवा. शरीरावर जुळवलं तर नेमका बदलच झाकला जातो. मग वरच्या लेयरचा मोड 'डिफरन्स' करा. न बदललेलं काळं होतं, बदललेलं उजळ उरतं. सगळीकडे हलका फरक म्हणजे रंगाचं काम, बाह्यरेषेला जाड चकाकती पट्टी म्हणजे आकाराचं.

'किती' याचं उत्तर एरिक की आणि हॅनी फरीद या संशोधकांनी २०११ मध्ये शोधलं. मूळ आणि रिटच केलेल्या ४६८ जोड्या लोकांना दाखवून, भौमितिक आणि प्रकाशाचे बदल मोजून १ ते ५ असा आकडा देणारी पद्धत त्यांनी बनवली. तिला दोन्ही फोटो लागतात. एकट्या फोटोवरून टक्केवारी सांगणाऱ्या साधनांवर विश्वास ठेवू नका.

१८. कॅटलॉगमध्ये एकच मॉडेल सहा रंगांच्या शर्टांत, चुण्यासुद्धा त्याच. हे काय आहे?

एकच शर्ट घालून फोटो काढायचा आणि बाकीचे रंग संगणकावर द्यायचे, ही ऑनलाइन विक्रीतली रोजची पद्धत. रंगवलेल्या आवृत्तीत मानेखाली आणि हनुवटीवर मूळ शर्टाच्या रंगाचा पडसाद राहतो, तो बघा.

पोझ तीच पण चेहरा निराळा असेल तर गोष्ट वेगळी. २०११ मध्ये एच अँड एमने आपल्या संकेतस्थळावर संगणकाने तयार केलेल्या शरीरांवर खऱ्या मॉडेल्सचे चेहरे बसवल्याचं मान्य केलं होतं. अशा वेळी मान बघा: चेहऱ्यावरच्या आणि गळ्यावरच्या सावलीची दिशा, आणि जबड्याखालची कड. कातडीचा रंग जुळवता येतो, सावलीची दिशा जुळवणं अवघड.

१९. एआयने बनवलेली मॉडेल असेल तर हेच नियम चालतात का?

निम्मे. लिक्विफायच्या खुणा नसतात, कारण ओढायला मूळ फोटोच नसतो. प्रमाणांचं गणितही बहुधा ठीक येतं. उपयोगी पडतात त्या तर्काच्या चुका: डाव्या-उजव्या कानातली जुळत नाहीत, शिवण कुठूनतरी सुरू होऊन हवेत संपते, बटणं आहेत पण काजं नाहीत, पट्ट्याचं टोक बकलात न जाता कापडात विरघळतं, मागच्या पाटीवरची अक्षरं अक्षरं नसतातच. प्रश्न १३ मधली प्रतिबिंबं इथेही लागू. बोटं मोजायचा सल्ला आता जुना झाला.

खऱ्या फोटोचा थोडाच भाग जनरेटिव्ह फिलने (एआयने जागा भरणाऱ्या साधनाने) भरला असेल तर काम अवघड होतं. तिथे नॉइज आणि पोताचा सांधा शोधा. काही फाइलींना कंटेंट क्रेडेन्शियल नावाची सही केलेली नोंद जोडलेली असते, तीत बदलांचा इतिहास मिळतो. नोंद नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकी व्होगच्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात गेस या फॅशन ब्रँडची एआय मॉडेलवाली जाहिरात आली तेव्हा तसा उल्लेख पानावर होता, पण बारीक अक्षरांत. म्हणून कोपऱ्यातला मजकूरही वाचा.

२०. रिटच केल्याचं जाहिरातीत सांगणं कुठे सक्तीचं आहे का?

इस्रायलने २०१२ मध्ये कायदा केला, तो २०१३ पासून लागू झाला: मॉडेल बारीक दाखवली असेल तर तशी सूचना हवी आणि ती जाहिरातीच्या किमान ७ टक्के जागेत. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शरीराचा आकार बदललेल्या व्यावसायिक फोटोवर 'रिटच केलेलं छायाचित्र' अशा अर्थाची ओळ लागते, नाहीतर ३७,५०० युरोपर्यंत दंड, जो जाहिरातखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून आकाराबरोबर त्वचेच्या बदलांनाही खूण लागते, आणि पैसे घेऊन पोस्ट करणारे इन्फ्लुएन्सरही त्यात येतात.

फ्रान्सच्या नियमातली पळवाट लक्षात घ्या: केस, त्वचा, डाग यांचं काम त्यात येत नाही. म्हणजे ओळ नसली तरी पृष्ठभागाचं काम झालेलं असू शकतं. ब्रिटनमध्ये खुणेची सक्ती नाही, पण उत्पादनाचा परिणाम फुगवून दाखवला तर मानक संस्था जाहिरात थांबवते. २०११ मध्ये लँकोम आणि मेबलीन यांच्या मेकअपच्या दोन जाहिराती अशाच थांबल्या.

२१. 'रिटच केलेलं नाही' असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवायचा?

व्याख्या वाचून. एअरी या अमेरिकी अंतर्वस्त्रांच्या ब्रँडने २०१४ मध्ये मॉडेल्स रिटच न करण्याची मोहीम सुरू केली. सीव्हीएस या अमेरिकी औषधदुकानांच्या साखळीने २०१८ मध्ये आणलेल्या खुणेचा अर्थ आकार, प्रमाण, त्वचेचा वा डोळ्यांचा रंग, सुरकुत्या वगैरे बदललेलं नाही असा होता. पण पोझ, लेन्स, लायटिंग, मेकअप, पाठीमागे क्लिप लावून आवळलेला ड्रेस आणि शेकडो क्लिकमधून केलेली निवड यांपैकी काहीही रिटचिंगमध्ये मोडत नाही.

२२. व्हिडिओत तर हे करता येत नसेल?

येतं. चेहऱ्यावरचं फिल्टर तर मोबाइलवर चालू असतानाच लागतं. हात चेहऱ्यासमोरून जातो तो क्षण थांबवून एकेक फ्रेम बघा: तिथे फिल्टर घसरतं, कड थरथरते. पूर्ण बाजूला वळल्यावरही तेच.

२३. सगळं तपासलं, एकही खूण सापडली नाही. 'हा फोटो रिटच केलेला नाही' असं लिहू का?

नको. 'या फाइलमध्ये बदलाची खूण सापडली नाही' असं लिहा आणि फाइल किती पिक्सेलची होती तेही द्या. खूण सापडली तरीही काय दिसलं ते सांगा: 'डाव्या कमरेपाशी फरशीचा सांधा आत वाकलाय, समोरचा सरळ आहे.' कोणी केलं आणि का, हे फोटो सांगत नाही. एकाच जाहिरातीवर छायाचित्रकार, रिटचिंग स्टुडिओ, एजन्सी आणि ब्रँड अशा चारपाच जणांचे हात फिरलेले असतात, आणि मॉडेलला बहुतेक वेळा अंतिम फोटो छापून आल्यावरच दिसतो. त्यामुळे दोष तिच्या नावावर टाकू नका.